वळणावरचा हॉर्न

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला हॉर्नची भीती वाटावी, म्हणजे कोळ्याच्या पोरानं पाण्याला घाबरण्यासारखं. पण हेमराज फिरकेचं तसं झालं होतं खरं.

त्याचा जन्मच त्या आवाजात झाला होता. वडील तुळशीराम फिरके इलेक्ट्रिक इंजिनाचे ड्रायव्हर. लाल विटांचं क्वार्टर, पुढं कडुनिंब, मागं तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे रूळ. कॉलनीतल्या बायका घड्याळाकडे न बघता डाळ शिजायला टाकायच्या. कुठली गाडी लेट आहे हे स्टेशन मास्तरच्या आधी त्यांना कळायचं. हेमराज पुढं स्वतः लोको पायलट झाला तेव्हा नवल कुणालाच वाटलं नाही. कॉलनीतली म्हातारी माणसं त्याला अजून 'तुळशीराम ड्रायव्हरचा पोरगा' म्हणूनच ओळखत होती.

ते घडलं एका हिवाळी सकाळी. अकोल्याकडून एक्स्प्रेस घेऊन येताना, वरणगावच्या अलीकडे. शेतांवर धुकं होतं. इंजिनाच्या कपाळावरच्या कॅमेऱ्यानं रुळावरचा माणूस हेमराजच्या आधी पाहिला आणि ब्रेकही आपला आपणच लावला. नव्या इंजिनांत ती सोय होतीच. पण यंत्र कितीही हुशार झालं, तरी एवढ्या वेगातली गाडी थांबायला किलोमीटरभर जागा मागतेच. आणि इंजिनाला स्टिअरिंग नसतं. हेमराजच्या हातात उरला फक्त हॉर्न. तो त्यानं दाबला आणि दाबूनच ठेवला.

पांढरा शर्ट, गळ्यात टॉवेल, पाठमोरा चालणारा माणूस. अगदी शेवटी तो वळला आणि त्यानं हात वर केला. एसटीला हात करतात तसा. थांबा, मला घ्या, असा.

चौकशीत हेमराजवर ठपका आला नाही. येण्यासारखं काही नव्हतंच. थोडे दिवस विश्रांती घेऊन तो कामावर गेला, गाड्याही चालवल्या. लोक म्हणाले, "ड्रायव्हरच्या आयुष्यात असं एकदा तरी होतंच, बाबा." त्यालाही ते पटलं. मग कित्येक महिन्यांनी, एका फाटकाआधी, हॉर्नच्या बटणावर गेलेला त्याचा हात तिथंच गोठला. सहायकानं हॉर्न दिला म्हणून निभावलं. त्या दिवसानंतर तो इंजिनात चढला नाही.

मग एकेक सुरू झालं. घरात कुकरची शिट्टी झाली की तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, अंगाला दरदरून घाम. रस्त्यात कुणी रिक्षाला हात केला की तो मान वळवून वाट बदलायचा. बायको वैजयंतीनं कुकर माळ्यावर टाकला आणि पातेल्यात डाळ शिजवायला लागली. पुढं तिनं कॉलनीच सोडली. जळगाव रस्त्यावर, रुळांपासून लांब, केळीच्या बागांना लागून एक फ्लॅट घेतला. सासू द्वारकाबाईही त्यांच्याबरोबर आल्या. नव्या घरात पहिले काही दिवस त्यांची डाळ रोज करपली.

समुपदेशकाकडे जाणं झालं. त्याचा उपयोगही झाला. हेमराज झोपायला लागला, लोकांत बसायला लागला. पण हॉर्न तेवढा सुटेना. शेवटी वैजयंतीनं नाशिकच्या डॉक्टर समीना तांबोळींचा पत्ता काढला. भुसावळहून नाशिकला जायचं म्हणजे कुणीही गाडीनंच जाईल. हे दोघं मोटारीनं गेले, खिडक्या घट्ट बंद करून.

डॉक्टर तांबोळी पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी हेमराजला आधी मेंदूचं चित्र दाखवलं नाही. चहा मागवला आणि विचारलं, "हेमराजभाऊ, तुम्हाला तो माणूस आठवतो, की दिसतो?"

"दिसतो," हेमराज म्हणाला.

"तिथंच सगळं आहे बघा. आपली रोजची आठवण मेंदू जपून ठेवतो तेव्हा तिच्यावर शिक्का मारतो, की हे झालं, संपलं. पण जिवावरचा प्रसंग असतो तेव्हा मेंदूच्या आतली बदामाएवढी एक गाठ इतक्या जोरात ओरडते, की शिक्का मारणाऱ्याला काम करताच येत नाही. ती आठवण बिनशिक्क्याची राहते. हॉर्न वाजला की मेंदूला वाटतं, आत्ताच चाललंय. तुम्ही भित्रे नाही. तुमचा मेंदू अजून त्या गाडीत बसलाय."

वैजयंतीनं विचारलं, "मग उतरवायचा कसा?"

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आठवण म्हणजे ट्रंकेतला फोटो नव्हे. ती मातीच्या भांड्यासारखी असते. दर वेळी बाहेर काढली की ती ओली होते, आणि काही तासांनी पुन्हा वाळून घट्ट होते. ओली असताना तिच्यावर बोटाचा ठसा उठतो. हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. पण नेमकं कुठलं भांडं ओलं झालंय ते दिसत नव्हतं. आता डोक्यावर घालायचा एक टोप निघाला होता. आठवण जागी झाली की मेंदूतल्या कुठल्या पेशी पेटतात ते तो टिपायचा, आणि हलक्या चुंबकी ठोक्यांनी त्यांची ओल हवी तेवढा वेळ टिकवायचा. पुरातून वाचलेले, सीमेवरून परतलेले, अपघात विभागातल्या नर्सेस, कितीतरी लोक त्या टोपाखाली बसून गेले होते. प्रेमभंगावर मात्र तो वापरायला कायद्यानं बंदी होती. तशा अर्जांचा ढीग पडतो, असं सांगताना डॉक्टर हसल्या.

मग त्यांनी चित्र दाखवलं. काळ्या पडद्यावर तांबड्या ठिपक्यांचा पुंजका. "हा तुमचा वरणगावचा दिवस. आणि हा," त्यांनी शेजारच्या निळ्या पुंजक्यावर बोट ठेवलं, "हा काय आहे? साधा हॉर्न ऐकवला तरी हा पण पेटतो. आणि दोन्ही एकमेकांत घुसलेत."

हेमराजला विचार करावा लागला नाही. "अण्णांचा हॉर्न," तो म्हणाला. "माझ्या वडिलांचा. लहानपणीचा."

"सोपी वाट म्हणजे औषध देऊन सगळंच मंद करायचं," डॉक्टर म्हणाल्या. "भीती जाईल. पण पेशी सामायिक आहेत, निळ्यातलंही काही कोमेजेल. दुसरी वाट लांबची आहे. तांबडी आठवण ओली असताना निळी तिच्याजवळ आणायची. त्याच हॉर्नची चांगली आठवण, जेवढी भरून सांगता येईल तेवढी. मेंदूला शिकवायचं, की हा आवाज फक्त त्या दिवसाचा नाही."

"दुसरी," हेमराज म्हणाला. "पहिली नको. ते गेलं तर माझ्याकडे राहतं काय?"

आणि पहिल्या सत्रात, वरणगावचा माणूस डोळ्यांपुढून गेल्यावर, टोपाखाली बसून हेमराजनं ती संध्याकाळ सांगितली.

अण्णांची बऱ्हाणपूरकडून येणारी पॅसेंजर. दिवस मावळायच्या सुमाराची. तापीच्या पुलाचा घुमारा आधी यायचा, दूरवर ढोल वाजावा तसा. तो ऐकला की माय परातीतलं पीठ आवरून गॅसवर तवा ठेवायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी अण्णांना गरमच लागायची. मग पुलाअलीकडचं वळण, आणि वळणावर अण्णांचा हॉर्न. तो इतरांसारखा नसे. एक लांब, खूप लांब, मग श्वास घेतल्यागत थांबून पुन्हा एक लांब. कॉलनीतल्या पोरांना सगळ्यांना ठाऊक होतं, की हा तुळशीराम ड्रायव्हर, पोराला आवाज देतोय. हेमराज हातातला खेळ टाकून कुंपणाकडे पळायचा. इंजिन धडधडत यायचं, खिडकीतून अण्णांचा निळ्या बाहीचा हात बाहेर निघायचा आणि वर व्हायचा. हेमराजही हात वर करायचा. तारेला तेलाचा, तापल्या लोखंडाचा वास असायचा. मग थोड्या वेळानं पत्र्याची पेटी हातात घेऊन अण्णा फाटकातून यायचे, आणि मोरीतला नळ सुटल्याचा आवाज यायचा. अख्ख्या शाळेत कुणाचा बाप असा रोज, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा, पोराला हाक मारत होता?

सांगून झालं तेव्हा हेमराजचे डोळे वाहत होते, आणि पडद्यावरचा तांबडा पुंजका थोडा निवला होता.

सत्रं होत गेली. गुण येऊ लागला. उन्हाळा लागला, सत्तेचाळीस अंशांनी जळगाव जिल्हा भाजून निघायला लागला, आणि एका दुपारी वैजयंतीनं माळ्यावरून कुकर काढला. शिट्टी झाली. हेमराज कोचावरून उठला, पण भिंतीकडे गेला नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आणखी एक होऊ दे." वैजयंती हसता हसता रडली. संध्याकाळी तो एकटाच रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत गेला आणि एक मालगाडी जाऊ देऊन परत आला.

आणि मग एका सकाळी चहा घेताना त्यानं बशी खाली ठेवली.

"वैजू, मी कुंपणापाशी उभा राहायचो तेव्हा माझ्या अंगात काय असायचं?"

"मला काय ठाऊक? मी थोडीच होते तिथं?"

"शाळेचा खाकी गणवेश असेल ना? मला पांढरा शर्ट दिसतोय." त्याचा आवाज बारीक झाला. "आणि गळ्यात टॉवेल. मी हात वर करतोय, अण्णा हॉर्न देतायत, आणि गाडी थांबत नाही गं. ती माझ्याकडेच येतेय."

डॉक्टर तांबोळींनी दोन्ही पुंजके पुन्हा पुन्हा पाहिले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "दोन ओली भांडी एकमेकांना लावून ठेवली," त्या म्हणाल्या. "रंग तिकडून इकडं आला. थोड्या लोकांच्यात हे होतं. तुमच्याबाबतीत होईल असं मला वाटलं नव्हतं. हात वर करणं दोन्हीकडे होतं ना, तिथून पाझरलं."

"म्हणजे आता ते पण गेलं," हेमराज म्हणाला. तो रागावला नव्हता. एवढी वर्षं जी एक खोली कुलूप लावून जपली, तिच्यातही तो माणूस शिरला होता.

"गेलं नाही. पण आता तुमच्या तोंडून ते सांगून भागणार नाही. तुम्ही सांगाल ते मिसळलेलंच सांगाल. त्या संध्याकाळी तिथं असलेल्या दुसऱ्या कुणाकडून ऐकायला हवं. आहे कुणी?"

एकच माणूस होतं.

द्वारकाबाईंना नाशिकला यायचं नव्हतं. "माह्या सांगण्यानं काय व्हतं? तुह्या ध्यानात माह्याहून जास्त आहे," असं म्हणून त्यांनी गुडघ्यांचं कारण पुढं केलं. मग उन्हाचं. वैजयंतीला नवल वाटलं, कारण मुलासाठी त्या एरवी काट्यावरून चालल्या असत्या. शेवटी तीच जवळ बसून म्हणाली, "आई, ते रोज पहाटे उठून खिडकीशी बसतात. लहानपण आठवायचीच भीती वाटायला लागलीय त्यांना." तेव्हा म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि लुगडं बदलायला उठल्या.

सत्राची खोली लहान, थंड, फिकट हिरव्या भिंतींची. हेमराज खुर्चीत, डोक्यावर टोप. शेजारच्या स्टुलावर द्वारकाबाई. वैजयंती दाराशी. डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे आधी वरणगावची सकाळ जागी केली. हेमराजच्या बोटांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पडद्यावर तांबडं पेटलं.

"बोला, मावशी," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "घर कसं होतं, संध्याकाळी काय व्हायचं, सावकाश सांगा."

द्वारकाबाईंनी सुरुवात केली. कडुनिंब, तवा, कळण्याची भाकरी. पुलाचा घुमारा. "मग त्या वळणावर तुहे अण्णा हॉर्न द्यायचे..." इथवर आल्या आणि थांबल्या.

"काय झालं?"

"डॉक्टरीनबाई, एक विचारू? आत्ता मी जे सांगीन ते याच्या डोक्यात कायमचं वाळून बसंल, असंच ना?"

"हो."

"मग खोटं बोललेलं चालंल का?"

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, हेमराजकडे पाहिलं. सत्र थांबवायचं बटण त्यांच्या हाताशीच होतं. हेमराजनं डोळे उघडले नव्हते. "माय," तो म्हणाला, "सांग."

"तो हॉर्न तुह्यासाठी नव्हता रे, पोरा."

वैजयंतीनं दाराची कड धरली.

"तू पाळण्यात व्हता. त्या वळणावर एक बाई तुह्या अण्णांच्या गाडीखाली आली. गवत कापून निघाली व्हती. डोक्यावर भारा. भाऱ्यानं तिले बाजूचं दिसलं नाही, आन वळणामुळं ह्यायले ती दिसली नाही. हॉर्न दिला ह्यायनी, पण ह्यायले जन्मभर वाटत राहिलं का उशिरा दिला. सायबांनी लिहून दिलं का दोष नाही. पण ऐकतं कोन? तवापासून ते वळण यायच्या आधीपासूनच हॉर्न दाबायचे. कोणी असो नसो. एकदा द्यायचे, थांबायचे, न् पुन्हा द्यायचे. तो तिच्यासाठी व्हता."

"घरी यायचे न् सरळ मोरीत जायचे," द्वारकाबाई पुढं सांगू लागल्या. "नळ सोडून बसायचे. तुले वाटे, अण्णा हात-पाय धुतात. जेवत नव्हते ते, हेमराज. भाकरी गरम करायची न् झाकून ठेवायची, हेच माह्यं काम व्हतं. बोलायचं कोनाशी? तवा असा टोप नव्हता, का असा डॉक्टर नव्हता. कोनाले सांगितलं तर म्हनतील, ड्रायव्हर भेला, इंजिनावरून उतरवा."

हेमराज रडत नव्हता. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. डॉक्टरांचा हात बटणाजवळ गेला, पण पडद्यावरचं तांबडं निवायला लागलं होतं आणि त्या बघत राहिल्या.

"मग तू चालायले लागला, पळायले लागला. शाळेत नाव घातलं त्या साली, एक दिवस ते घरी आले तर तू फाटकातच त्यांच्या पायाला मिठी मारली. म्हनला, 'अण्णा, तुम्ही मले आवाज दिला ना? मी ऐकला!' " द्वारकाबाईंचा आवाज फुटला, मग त्यांनी तो सावरला. "ते तसेच उंबऱ्यावर बसले. पायात बूट. माह्याकडं पाहिलं त्यायनी. मले वाटलं, आता हे पोराले खरं सांगतीन. म्हनून मीच बोलली. म्हनलं, हो तर, तुलेच आवाज दिला, दुसऱ्या कोनाले देतीन?"

"दुसऱ्या दिवशी तू कुंपणापाशी गेला. हॉर्न तसाच झाला, पन त्या दिवशी त्यायनी खिडकीतून हात बाहेर काढला. त्याआधी कधी काढला नव्हता. न् घरी आल्यावर नळ जरा लवकर बंद झाला. तुह्याच ताटात जेवले."

मग हेमराजनं विचारलं, "बरे झाले का गं ते?"

"पुरे नाही झाले. खोटं कशाले बोलू? अधूनमधून नळाखाली बसतच. पण तू गेला ना कुंपणापाशी, की त्या दिवशी जेवत. म्हनून तर तुले ताप असला तरी मी गोधडीत गुंडाळून नेत व्हती. तुले वाटे, माय किती लाड करते."

सत्र संपलं तेव्हा डॉक्टर तांबोळी बाहेरच्या बाकावर वैजयंतीशेजारी येऊन बसल्या. "मी थांबवायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "एवढं मोठं काही ओल्या आठवणीत घालायला कुठलीच समिती परवानगी देणार नाही. पण एक सांगू? आम्ही पंधरा वर्षं खपून यंत्राकडून जे करून घेतलं, ते त्या सहा वर्षांच्या मुलानं आणि त्याच्या आईनं फाटकात उभं राहून केलं होतं. त्या माणसाची जखम रोज त्याच वळणावर ओली होत होती. तिच्याजवळ त्यांनी रोज एक मूल उभं केलं."

परतताना मोटारीत, चांदवडचा घाट उतरल्यावर हेमराजनं काच खाली केली, एवढंच.

पुढच्या सत्रांत पडद्यावर दोन्ही पुंजके वेगळे दिसू लागले. जवळजवळ, पण एकमेकांत न घुसलेले. वरणगावचा माणूस आठवायचा. आता तो आठवायचा, दिसायचा नाही. पांढरा शर्ट कुंपणापाशी पुन्हा आला नाही. हेमराजनं पहिल्यांदाच त्या माणसाचं नाव विचारून घेतलं. विठोबा सावकारे. मळ्यावर सालदारी करायचा. बहिणीकडे चालला होता. ते नाव कळल्यावर हेमराज रात्रभर नाही, पण बराच वेळ रडला, आणि ते रडणं आधीच्या भीतीसारखं नव्हतं. कुणाच्याही मरणावर माणूस रडतो तसं होतं.

पण एक गेलं ते गेलंच. ती जुनी संध्याकाळ. अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा बाप हाक मारतोय आणि आपण जगातले सगळ्यांत भाग्यवान, ही जी गोडी होती, ती कितीही आठवलं तरी जिभेवर येईना. आता त्या हॉर्नमध्ये त्याला गवताचा भारा दिसायचा. मोरीतला नळ ऐकू यायचा. खिडकीतला हात मात्र पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसायचा, किती जड असेल तो उचलायला, हे कळून.

एकदा त्यानं हे वैजयंतीला सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

"लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा काय सांगितलं होतं, आठवतं?" ती म्हणाली. "बागेत बसून तुम्ही हेच सांगत होता. हॉर्न, कुंपण, अण्णांचा हात. मी आईला घरी जाऊन सांगितलं होतं, माणूस जरा येडा आहे पण बापावर जीव लावणारा आहे. ती गोष्ट मी टोपाखाली ठेवलेली नाही. माझ्याकडं जशीच्या तशी आहे. हवी तेव्हा मागा."

"सांग," तो म्हणाला.

तिनं शेंगा बाजूला सारल्या आणि सांगितली. हेमराजनं ती दुसऱ्या कुणा नशीबवान पोराची ऐकावी तशी ऐकली, आणि त्या पोराचा त्याला हेवा वाटला, मायाही वाटली.

इंजिनावर तो परत गेला नाही. भुसावळच्याच प्रशिक्षण शाळेत नव्या पोरापोरींना शिकवायला लागला. वर्गात कॅमेरा, ब्रेक, सिग्नल सगळं शिकवून झालं की तो एक तास वेगळा घ्यायचा. "तुमच्या हातून कुणी जाईल तेव्हा," असं तो सुरुवातीलाच म्हणायचा. 'गेलं तर' नव्हे. डॉक्टर तांबोळींच्या मदतीनं त्यानं वरिष्ठांकडे धोशा लावला, आणि अपघातानंतर ड्रायव्हरला एकटं घरी न पाठवता कुणी जुना ड्रायव्हर त्याच्याजवळ जाऊन बसेल, अशी व्यवस्था भुसावळपुरती तरी झाली. कित्येकदा तो स्वतःच जायचा. फारसं बोलायचा नाही. समोरच्याचं जेवण झालं का, एवढं मात्र बघायचा.

हिवाळ्यात एक दिवस द्वारकाबाई म्हणाल्या, "मले माहेरी नेतो का? रावेरले. भावजय अंथरुणाला खिळलीय."

"नेतो की. सावद्यावरून मोटारीनं तासाभरात..."

"गाडीनं जाऊ."

हेमराज चमकला. माय आयुष्यभर माहेरी एसटीनंच गेली होती. दारात रूळ, पास फुकट, तरी सावद्याच्या खडखडत्या एसटीत बसायची. लहानपणी त्याला वाटायचं, तिला गाडी लागते. आत्ता, तिचं वाक्य ऐकल्यावर, त्याच्या लक्षात आलं की त्या बाईच्या अपघातानंतर ती तापीच्या पुलावरून गाडीनं कधीच गेली नव्हती. वळण त्याच वाटेवर होतं.

दुपारच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. द्वारकाबाईंना त्यानं खिडकीशी बसवलं. गाडी स्टेशनातून निघाली, यार्ड मागं पडलं, लाल क्वार्टरं आली. बरीच पाडली होती, उरलेल्यांच्या खिडक्यांतून बाभळी डोकावत होत्या. त्यांचा कडुनिंब होता की नव्हता, ते वेगात कळलं नाही. मायनं हेमराजचा हात पकडला आणि डोळे मिटून घेतले. तिच्या बोटांची नखं त्याच्या तळव्यात रुतली. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती, की त्या बाईचं, ते त्यानं विचारलं नाही.

डबा एका अंगाला कलला. वळण आलं. इंजिनात कुणीतरी नवीन पोरगा किंवा पोरगी बसलेली असेल. त्यांना या जागेचं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पुढं रूळ मोकळे होते, फाटक नव्हतं. गाडी गुमान वळली आणि सरळ झाली.

"गेलं का रे वळण?" तिनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"गेलं, माय."

"काहीच वाजलं नाही."

"नाही. कुणी नव्हतं रुळावर."

तिनं हात सोडला नाही, पण बोटं सैल झाली. मग गाडी पुलावर चढली, लोखंडाचा घुमारा सगळ्या डब्यात भरला, आणि द्वारकाबाईंनी डोळे उघडले. खाली तापी पसरली होती, उन्हात चकचकत, मधल्या खडकांवर पांढरे पक्षी बसलेले. त्या गजांना कपाळ टेकवून बघत राहिल्या.

"इथून केवढं पाणी दिसतं रे," त्या म्हणाल्या. "अन् मले कोनी सांगितलंच नाही."